उजव्या बाजूनं दाणे

हा जो केशरी मासा तुम्हाला दिसतोय, जरा तिरका तिरका पोहतोय बघा, हा आमचा मोती. गोल्डफिश आहे, ओरंडा, डोक्यावर फुगीर टोपीसारखं असतं ना तो. ही आमच्या हरिपूर रोडच्या घरातली हॉलची खिडकी. आत्ता निवांत फिरायलाय, पण एप्रिलमधे घरातल्या सगळ्यांनी त्याची आशा सोडलेली.

झालं असं की भर दुपारी लाईट गेली. लाईट गेली म्हणजे फिल्टर बंद, एअर पंप बंद, आणि सांगलीचं एप्रिलचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळं थोड्या वेळात मोती वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. मी घाबरले, झाकण बाजूला सरकवलं, म्हटलं जरा वारं लागंल, आणि शेजारी इन्व्हर्टरवर पंप लावता येतो का विचारायला गेले. परत येते तर गल्लीतला बोका टँकवर बसलेला आणि त्याचा एक पंजा पाण्यात.

उजव्या बाजूचे खवले सोलून निघालेले, खाली गुलाबी मांस दिसत होतं. शेपटी मधोमध फाटून तिच्या दोन पट्ट्या झालेल्या. उजव्या डोळ्यावर पांढरट पडदा आलेला. तो तळाला कोपऱ्यात आडवा पडून फक्त कल्ले हलवत होता.

आज्जी हळदीचा डबाच घेऊन आली. सांगलीत जखम झाली की आधी हळद, २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आमची हळद, त्यात हरिपूर तर हळदीच्या पेवांसाठी, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांसाठी, नावाजलेलं गाव. "अगं दाब की चिमूटभर, काय हुत न्हाई." मी म्हटलं, आज्जी, पाण्यात ती टिकायची नाही, आणि भुकटी कल्ल्यात बसली तर त्याला श्वासच घेता येणार नाही.

मला तेव्हा एक गोष्ट कळायला पाहिजे होती ती नीट कळली दोन दिवसांनी, ती अशी की आपल्याला कापलं तर आपण जखम झाकतो, कोरडी ठेवतो, माशाची जखम चोवीस तास पाण्यातच असते, म्हणजे औषधपाणी जे काय करायचं ते पाण्याचंच करायचं. माशाच्या अंगावरचा तो बुळबुळीत थर आणि खवले हेच त्याचं कवच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त असतं, त्यामुळं पाणी सारखं अंगात शिरत असतं आणि त्याची किडनी ते बाहेर टाकत असते. कवच फाटलं की तिथून पाणी भसाभसा आत, अंगातलं मीठ बाहेर, आणि मासा त्या जखमेपेक्षा या कष्टानंच थकून जातो.

म्हणून मीठ. साधं खडे मीठ. वीस लिटरचा टब घेतला, त्यात निम्मं टँकचंच पाणी, निम्मं आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडायला तेवढा वेळ लागतोच, घाई असेल तर दुकानातलं अँटीक्लोरीन. जाळीनं नाही उचललं, फाटलेली शेपटी जाळीत अडकते, वाडगं पाण्यात बुडवून त्याला पाण्यासकट उचललं. आईच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २० ग्रॅम मीठ मोजलं, म्हणजे लिटरला १ ग्रॅम, मग्यात विरघळवलं आणि हळूहळू सोडलं. दोन दिवसांत वाढवत ६० ग्रॅमपर्यंत नेलं. आणि हे लक्षात ठेवा, पाणी वाफ होऊन उडतं, मीठ उडत नाही. पाणी आटलं तर साधं पाणी घालायचं, पाणी काढून बदललं असेल तर जेवढं काढलं तेवढ्याचंच मीठ.

टबात अमोनिया संपवणारे फिल्टरचे जिवाणू नसतात, आणि मासा कल्ल्यातनं अमोनिया सोडत राहतो, जखमेला तो झोंबतो. त्यामुळं रोज निम्मं पाणी बदलायचं, त्याच तापमानाचं. दोन दिवस खायला काही दिलं नाही. वरनं टॉवेल टाकला, कारण माशाला पापण्या नसतात, उजेड नको वाटला तरी डोळे मिटता येत नाहीत. एअर स्टोन रात्रंदिवस चालू, मी त्या बुडबुड्यांच्या आवाजातच झोपायचे.

समोरचे काका म्हणाले, "पोरी, संगमावर सोडून ये, कृष्णामाई बघंल." काका मायेनंच बोलले, पण मोती मूळचा चीनकडच्या जातीचा, पिढ्यानपिढ्या टाकीत वाढलेला, अशा जखमी जिवाला वाहत्या पाण्यात सोडणं म्हणजे मारायला सोडणं, आणि त्याच्या अंगावरचा काही रोग असेल तर तो नदीतल्या माशांना. हे करू नका, कुणीच.

सहाव्या दिवशी जखमेच्या कडेला काळे डाग दिसले आणि मी रडले. सडतंय असं वाटलं. कापसासारखी पांढरी लव आली तर ती बुरशी, तिला घाबरायचं. पण गोल्डफिशच्या भरत आलेल्या जखमेला बऱ्याचदा असा काळा रंग येतो, नंतर तो जातो. अमोनियानं भाजलं तरी काळं होतं, म्हणून टेस्ट किटनं पाणी तपासलं. पाणी चांगलं होतं. म्हणजे जखम भरत होती.

हा शॉट बघा, मोबाईलचा टॉर्च मागनं धरलाय. शेपटीच्या फाटलेल्या टोकाला काचेसारखी एक पातळ कड दिसतीय? हा नवा पर. आधी पारदर्शकच येतो, रंग मागनं भरतो. बुडखा शाबूत राहिला होता म्हणून आला.

उजवा डोळा मात्र गेला.

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना मधोमध बारीक ठिपक्यांची रेघ असते, तिनं त्याला पाण्यातली हालचाल कळते, म्हणून एका डोळ्यावर तो काचेला धडकत नाही. फक्त उजवीकडं पडलेला दाणा त्याला दिसत नाही. मग आज्जी उजव्या बाजूला काचेवर बोटानं टक टक करते, तो वळतो, आणि मगच ती दाणे सोडते, एकेक करून, आणि झाकणावर वरवंटा परत ठेवून देते.