शोधचौकटीतून बुशहरपर्यंत

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर एक रिकामी शोधचौकट, तिच्यात लुकलुकणारी रेघ.)

मुंबई सरकारचे जुने कागद पाहायचे असतील तर अभ्यासकाची पहिली धाव फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीकडे, तिथल्या राज्य अभिलेखागाराकडे असते, आणि ते योग्यच आहे. मात्र याच सरकारच्या पत्रव्यवहाराचा एक मोठा भाग आज घरबसल्या वाचता येतो, तो कतार डिजिटल लायब्ररीच्या संकेतस्थळावर. मुंबईचे दप्तर कतारच्या नावाने का शोधायचे, हा प्रश्न साहजिक आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७६३ मध्ये इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथे आपले ठाणे उघडले आणि तिथला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा व पुढे ब्रिटिश सरकारचा तिथे राहणारा प्रतिनिधी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली काम करीत होता. आखातातील तह, तंटे, मोत्यांचा व्यापार, गलबतांची ये-जा, या सगळ्यांबद्दलची त्याची पत्रे मुंबईला येत आणि हुकूम मुंबईहून जात. बुशहरच्या कचेरीचे हे दप्तर पुढे लंडनला गेले. ते आता ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि कतार फाउंडेशनबरोबरच्या प्रकल्पातून ऑक्टोबर २०१४ पासून इंग्रजी व अरबी या दोन भाषांत सर्वांसाठी खुले झाले आहे.

(दृश्य : चौकटीत ‘कतार’ हे नाव आजच्या इंग्रजी वर्णलेखनात टंकले जाते.)

इथे नवखा वाचक पहिली ठेच खातो. आजचे नाव टाकले की आजच्या ग्रंथपालांनी लिहिलेली वर्णने समोर येतात, पण १८५० च्या सुमारास कारकुनाने जे लिहिले ते येईलच असे नाही, कारण त्याच्या कागदात कतार हे ‘गुत्तुर’ आहे, दुबई ‘देबाय’ आहे, अबू धाबी ‘अबूथाबी’ असे एका शब्दात आहे आणि शारजा-रास अल खैमाचे कासिमी टोळीचे लोक ‘जोआस्मी’ आहेत. मस्कतच्या मधल्या अक्षरासाठी कोणी ‘सी’ लिहितो, कोणी ‘के’. अरबी ‘बगला’ गलबताचेही इंग्रजी कारकुनाने ‘बगलो’ करून टाकले आहे. म्हणून शोधाला बसण्यापूर्वी त्या काळातला एखादा छापील ग्रंथ वाचून त्यातील नावांची एक यादी वहीत उतरवून घ्यावी, हे काम कंटाळवाणे असले तरी त्याला दुसरा पर्याय नाही.

दुसरी अडचण यंत्राच्या वाचनाची आहे. छापील पानाच्या प्रतिमेशेजारी जो मजकूर दिसतो तो यंत्राने आपोआप वाचलेला असतो आणि त्यात चुका असू शकतात, असे संकेतस्थळ स्वतःच सांगते. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे जवळ आली की यंत्र त्यांचे ‘एम’ करते, आणि ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द त्याला दोन शब्द वाटतात. हस्तलिखित पानांच्या बाबतीत तर यंत्राच्या वाचनावर विसंबूच नये. तिथे सूचिकाराने फाइलीचा जो गोषवारा लिहिला आहे त्यातच शोध घ्यावा आणि मग पाने एकेक करून डोळ्यांनी वाचावीत.

(दृश्य : १८५६ च्या ग्रंथाचे मुखपृष्ठ जवळून. कॅमेरा संदर्भ क्रमांकावर येऊन थांबतो.)

आता एकच धागा धरून पाहू. मोती काढण्याच्या हंगामात समुद्रावर लढाया होऊ नयेत म्हणून आखाताच्या अरबी किनाऱ्यावरच्या शेखांनी मे १८३५ मध्ये, बुशहरच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युएल हेनेल याच्या मध्यस्थीने, सहा महिन्यांचा सागरी तह केला. तो वर्षावर्षाने वाढवला गेला, १८४३ मध्ये दहा वर्षांचा झाला आणि १८५३ मध्ये कायमचा. या तहाचा शोध घेताना कोणीही काळाची चाळणी लावून १८३५ हे वर्ष निवडेल, आणि नेमकी तीच चूक ठरेल. मुंबई सरकारने आपल्या दप्तरातील आखातविषयक निवडक कागद १८५६ मध्ये एका जाड ग्रंथात छापले. आर. ह्यूज थॉमस यांनी संपादित केलेला हा ग्रंथ मुंबईच्याच एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात निघाला. हेनेलच्या कारकिर्दीची हकीकत त्यात आहे, किनाऱ्याच्या सर्वेक्षणाचे वृत्तान्त आहेत, परंतु सूचीत त्याचे वर्ष १८५६ असे नोंदलेले असल्यामुळे १८३५ ची चाळणी त्याला बाहेर ठेवते. चाळणी सैल करावी आणि ‘तह’ व ‘मोती’ यांचे इंग्रजी शब्द जोडीने टाकावेत, म्हणजे तो सापडतो.

त्याच्या संदर्भ क्रमांकात ‘आर/१५/१’ असा भाग आहे. त्यातला ‘आर’ हा रेसिडेन्सी व एजन्सी यांच्या दप्तरांचा, १५ हा आखाताचा आणि पुढचा १ हा बुशहरचा. तिथे २ असता तर दप्तर बहारीनचे, ५ असता तर कुवेतचे, ६ असता तर मस्कतचे. एवढे समजले की शोधचौकट बाजूला ठेवून, जुन्या दप्तरखान्यात हिंडावे तसे शेजारच्या फाइली चाळता येतात, आणि माझ्या मते खरा शोध तिथूनच सुरू होतो. पानांच्या क्रमांकाने बिचकू नये. पोथीप्रमाणेच एका पानाला एकच अंक असतो आणि त्याची पाठपोट बाजू पुढे जोडलेल्या अक्षरावरून कळते.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘चाचेगिरी’चा इंग्रजी शब्द टाकला की निकालांचा ढीग पडतो, पण तो शब्द मुंबईच्या अधिकाऱ्यांचा आहे. १८१९ मध्ये मुंबईहून आरमार पाठवून कासिमींची बंदरे उद्ध्वस्त करणाऱ्या बाजूचा तो शब्द आहे, आणि इतिहासकारांत त्यावर आजही वाद आहे. तसेच मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांनी मुंबई सरकारला पत्रे लिहिली नाहीत. त्यांच्याविषयी जे आहे ते कर, कर्ज आणि तंट्यांच्या नोंदींत, दुसऱ्याच्या हातचे आहे.

(दृश्य : पुन्हा मुंबई. दगडी इमारत, आत लाल फडक्यात बांधलेली बाडे.)

बुशहरहून निघालेल्या एकाच पत्राच्या तीन प्रती संभवतात. एक रेसिडेंटच्या जावक वहीत, दुसरी मुंबईच्या राजकीय विभागाच्या बाडात आणि तिसरी मुंबईने नक्कल करून कंपनीच्या लंडनमधील संचालकांना पाठवलेली. पडद्यावर बहुधा पहिली दिसते. मुंबईच्या सचिवाने त्या पत्रावर काय शेरा मारला, ते दुसऱ्या प्रतीत असते. म्हणून पडद्यावरच्या पत्राची तारीख आणि क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, वर्ष आणि विभाग लिहून फोर्टातल्या अभिलेखागारात मागणीची चिठ्ठी द्यावी, आणि बाड येईपर्यंत थांबावे.