कॅमेरा बंद पडतो, पण नेमका कधी?

नमस्कार मंडळी. विषय तुम्हाला माहितीच आहे, कॅमेऱ्याची पॉवर जाते. इथे लग्नाच्या ऑर्डरी करणारे बरेच जण बसलेत, त्यांना जास्त सांगायला नको, अंतरपाट धरलाय, शेवटचं मंगलाष्टक सुरू आहे, भटजींनी "सावधान" म्हटलं आणि स्क्रीन काळी. अक्षता पडून जातात, त्या काय रिटेक देत नाहीत. मग माणूस घरी येतो, चिडतो आणि पहिलं काम काय करतो तर ऑनलाइन नवीन बॅटरी मागवतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीच्या विरोधात आहे. बॅटरी मागवायच्या आधी स्वतःला विचारा की कॅमेरा नेमका कधी बंद पडला. "किती वेळा बंद पडतो" हा प्रश्न दुय्यम आहे, "काय करत असताना पडला" हा खरा. त्या वेळेतच अर्धं उत्तर असतं.

आधी जो दोषच नाहीये तो बाजूला काढू. कॅमेरा हातात धरून नुसते उभे आहात, मिनिटभरात स्क्रीन गेली आणि शटरचं बटण अर्धं दाबलं की परत जिवंत झाला, तर तो ऑटो पॉवर ऑफ आहे. मेनूत वेळ वाढवा, विषय संपला. व्हिडिओचंही तसंच, बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतं. हे बॅटरीमुळे नाही हं, युरोपात ३० मिनिटं सलग रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर जास्त जकात लागायची, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद अलीकडे गाडी थांबवली. आणि गरम होऊन बंद पडणं तर वेगळंच, कॅननचा आर ५ कॅमेरा २०२० साली आला तेव्हा ८के, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाच्या व्हिडिओच्या, रेकॉर्डिंगची मर्यादा कंपनीनेच २० मिनिटं सांगितली होती, तीसुद्धा २३ डिग्रीला. आपल्याकडे मे महिन्यात मांडवात किती डिग्री असतं ते तुम्हीच बघा. अशा वेळी स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह येतं, ते दिसलं तर बॅटरीला शिव्या देऊ नका.

आता खरे दोष. पहिली तऱ्हा, समजा बॅटरी फुल दाखवते, तुम्ही फ्लॅश उघडून फोटो काढला, किंवा झूम फिरवली, किंवा बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ धडाधड फोटो, मारला आणि धाडकन बंद. परत चालू केला तर अजून दोन दांड्या दाखवतोय. माणूस म्हणतो बॅटरी तर भरलेली आहे, मग कॅमेराच बिघडला. तर तसं नाही. गच्चीवरची टाकी पाण्याने भरलेली असते पण पाइपात क्षार साचलेत, एक नळ बारीक सोडला की पाणी येतं, दोन नळ एकदम सोडले की धार तुटते, तसं हे आहे. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो, थोडा करंट मागितला तर देते, फ्लॅशला किंवा लेन्सच्या मोटरला एकदम जास्त लागला की व्होल्टेज खाली बसतं, कॅमेऱ्याला वाटतं संपली, तो स्वतःला बंद करून घेतो. म्हणून मल्टिमीटर लावून बॅटरी तपासणाऱ्यांनाही सांगतो, डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या, बहुतेक बॅटऱ्या दोन सेलच्या असतात, वर ७.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, फुल चार्ज झाल्यावर मीटर ८.४ च्या आसपास दाखवेल आणि तरीसुद्धा ती बॅटरी मेलेली असू शकते, कारण मीटर करंट मागतच नाही, नुसतं विचारतो. खरी परीक्षा लोडवर.

त्यापेक्षा कॅमेऱ्यालाच विचारा ना. निकॉनच्या ईएन-ईएल१५ बॅटरीवाल्या कॅमेऱ्यांत सेटअप मेनूत बॅटरी इन्फो असतं, त्यात बॅटरीचं वय ० ते ४ असं दाखवतात, ४ आलं की निरोप द्या. कॅननच्या एलपी-ई६ बॅटरीवाल्यांत तीन चौकोन असतात, तिन्ही हिरवे तर उत्तम, एकच लाल तर संपला खेळ. कितीतरी लोकांकडे हा मेनू वर्षानुवर्षं आहे आणि एकदाही उघडलेला नाही.

"पण सर बॅटरी तर नवीनच घेतलीय, सहा महिनेही झाले नाहीत," असं मागच्या रांगेतले दादा म्हणतायत. ओरिजिनल की स्वस्तातली? ... हसले म्हणजे उत्तर मिळालं. बघा, लोकल बॅटरी म्हणजे सगळी कचरा असं मी म्हणणार नाही, काही चांगल्या निघतात. पण एलपी-ई६ वर कंपनी १८०० एमएएच (बॅटरीत किती मावतं त्याचं माप) लिहायची, पुढे त्याचंच एनएच मॉडेल आलं त्यावर २१३० लिहिते, इतक्या वर्षांत एवढीच वाढ झाली, आणि त्याच मापाच्या डब्यावर कोणी थेट ३००० छापून निम्म्या किमतीत विकत असेल तर ते आकडे शाईचे आहेत. शिवाय या बॅटऱ्यांत एक चिप असते जी कॅमेऱ्याला किती टक्के उरली ते सांगते, नकली चिप थापा मारते, ६० टक्के दाखवून पुढच्या मिनिटाला शून्य. आणि तिसरं म्हणजे माप. अर्धा मिलिमीटर लहान असली की आत हलते.

हलण्यावरून आठवलं, दुसरी तऱ्हा. कॅमेरा हलवला, उभा धरला, मानेत लटकवला की बंद. किंवा ग्रिप पकडली की चालू, सोडली की बंद. इथे बॅटरी किती भरलीय याचा काहीएक संबंध नाही, हा संपर्काचा दोष आहे. बॅटरी ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याच्या खाली जोडायचा जादा बॅटरीचा डबा, लावली असेल तर ती आधी काढा आणि बॅटरी थेट बॉडीत घालून बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मग बॅटरीचं झाकण. त्या झाकणाच्या कडेला एक छोटं प्लास्टिकचं बोंड असतं, झाकण लागलं की ते आतला बारीकसा स्विच दाबतं, ते झिजलं किंवा तुटलं की कॅमेऱ्याला वाटतं झाकण उघडंय आणि तो चालूच होत नाही. काही मॉडेलमध्ये कार्डाच्या झाकणालाही असाच स्विच आहे. बोटाने झाकण घट्ट दाबून धरा, चालू राहिला तर दोषी सापडला. नवीन झाकण स्वस्तात मिळतं, आणि लोक सर्किटबोर्ड बदलायला निघालेले असतात!

मग ते सोनेरी संपर्क. कोकणात राहणाऱ्यांना, किंवा आषाढात वारीचे फोटो काढायला जाणाऱ्यांना हे जास्त भोगावं लागतं, पाऊस, घाम, खारी हवा, त्या पट्ट्यांवर एक मळकट थर बसतो, कधी हिरवटसुद्धा. बॅटरी बाहेर काढा. कोरड्या सुती कापडाने पुसा, नाही निघालं तर बॅटरीच्या पट्ट्यांवर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने, आणि त्याचा चुरा कॅमेऱ्यात पडता कामा नये. आतल्या पिनांना कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडंसंच, आणि वाळू द्या. सँडपेपर नको, मुलामा निघून जातो. दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे तर अजिबात नको, लेन्सच्या आसपास तेल गेलं की नवीनच रडगाणं. लेन्सच्या मागच्या पट्ट्याही याच वेळी पुसा, कॅननवर एरर ०१ येतो तो बहुतेकदा लेन्स आणि बॉडीचं बोलणं तुटल्याचा असतो, आणि फोकस करताना कॅमेरा जातो असं वाटत असेल तर दुसरी लेन्स लावून बघणं हा सगळ्यात फुकट उपाय. मेमरी कार्डाचंही तेच, कार्ड खराब असलं की कॅमेरा अडकून बसतो, काही दाबलं तरी हलत नाही आणि आपण समजतो पॉवर गेली. कार्ड काढून चालू करून बघा.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यात आवडते कारण ती गुप्तहेरासारखी शोधावी लागते. रात्री फुल चार्ज करून ठेवला, स्विच ऑफ, सकाळी किंवा दोन दिवसांनी बघतो तर रिकामी. कॅमेरा बंद असताना कोण पितंय? कॅननच्या ६डी मध्ये जीपीएस चालू ठेवलं की स्विच ऑफ केला तरी तो ठरावीक वेळाने सॅटेलाइट शोधत राहतो, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय, पण मॅन्युअल कोण वाचतं. नव्या कॅमेऱ्यांत ब्लूटूथ फोनशी बांधलेलं राहतं. एअरप्लेन मोड लावून एक रात्र ठेवा. तरी उतरली, तर पुढच्या रात्री बॅटरी बाहेर काढून ठेवा. बाहेर काढूनही उतरत असेल तर दोष बॅटरीत, आत असतानाच उतरत असेल तर कॅमेऱ्यात. दोन रात्रींत निकाल, पैसे शून्य. कधीकधी तर स्विच ऑफ केलेलाच नसतो, बॅगेत कोंबलेला असतो, कुठल्यातरी चार्जरने शटर अर्धं दाबलेलं राहतं आणि कॅमेरा झोपतच नाही. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत, आणखी एक गंमत, व्ह्यूफाइंडरजवळ, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीजवळ, डोळा ओळखणारा सेन्सर असतो, कॅमेरा गळ्यात लटकवून फिरलात की त्याला तुमचं पोट म्हणजे डोळा वाटतो आणि आतली स्क्रीन चालू राहते.

आणि मिररलेसवाल्यांची कायमची तक्रार, "डीएसएलआरवर दिवस निघायचा, इथे दुपारीच संपते." हा बिघाड नाहीच. निकॉन डी८५० ला एका चार्जमध्ये १८४० फोटो सांगितलेत, सोनीच्या ए७ ३ ला ७१०, आणि तो मिररलेसमध्ये त्या वेळी चांगला समजला जायचा. आरशातून बघायला वीज लागत नाही, सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू ठेवायला लागते, एवढंच. हे आकडे सिपा नावाच्या जपानी संघटनेच्या चाचणीचे असतात, त्यात ३० सेकंदांनी एक फोटो, फ्लॅश असेल तर एक सोडून एक फोटोला, दर दहा फोटोंनंतर बंद-चालू असा ठरलेला प्रकार आहे, लग्नात कोणी असं वागत नाही. बर्स्ट मारला तर जास्त निघतात, सारखे फोटो मागे जाऊन बघत बसलात तर कमी.

थंडीचं थोडक्यात. स्पिती, लडाखला जाऊन आलेले लोक सांगतात की पहाटे बॅटरी गेली, फेकून दिली. अहो फेकू नका, थंडीत आतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, रोध वाढतो, खिशात अंगाच्या उबेला ठेवली की बरीचशी परत येते. दोन बॅटऱ्या आलटून पालटून, एक कॅमेऱ्यात एक छातीशी.

पेन्सिल सेलवर चालणारे जुने छोटे कॅमेरे अजून कोणाकडे आहेत का? हात वर आहेत, वा. त्यात घड्याळात घालायचे साधे सेल घालू नका, दोन फोटोंत मान टाकतात. अल्कलाइन बरे पण तेही जास्त करंटला टिकत नाहीत, आणि कॅमेऱ्याने "संपले" म्हटलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे महिनोन्‌महिने चालतात ते याचमुळे. चांगले रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, त्यावर १.२ व्होल्टच लिहिलेलं असतं, घाबरू नका. मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर निवडा, नाहीतर कॅमेरा उगाच लवकर संपल्याचं दाखवेल.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, "बॅटरी फुगून कॅमेऱ्यात अडकली आहे, स्क्रू ड्रायव्हरने काढू का?" नाही. लिथियम बॅटरीला टोकदार काही लावायचं नाही, भोक पडलं तर पेट घेते. झाकण उघडं ठेवा, चार्जिंग बंद, कॅमेरा उलटा करून तळहातावर हलकेच आपटून बघा, नाही आली तर दुरुस्तीवाल्याकडे तसाच न्या. आणि घरी कॅमेरा उघडून बसू नका, ज्यात फ्लॅश आहे त्यात ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला कपॅसिटर असतो, बॅटरी काढल्यावरही तो काही काळ भरलेलाच राहतो, झटका जबरदस्त बसतो. फुगलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्यांना द्या.

सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा नुसतं "बंद पडतो" सांगू नका. फ्लॅश मारल्यावर जातो, उभा धरल्यावर जातो, रात्रीत उतरते, दुसऱ्याची बॅटरी घालूनही जातो की नाही, हे कागदावर लिहून द्या. आणि तुमची बॅटरी, चार्जर, लेन्स सगळं सोबत न्या, तिथे त्यांच्या बॅटरीवर कॅमेरा ठणठणीत चालतो आणि "नो फॉल्ट फाउंड" लिहून परत देतात, तपासणीची फी घेऊन.