अलर्ट आला नाही, तेव्हा

कार्यक्रमपत्रिकेवर विषय ‘देखरेखीची साधने’, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्कवर नजर ठेवणारी साधनं, असा आहे, आणि साधनांकडे मी येणारच आहे. त्याआधी एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे. अलर्ट वाजला की आपण धावतो, वाजला नाही की निवांत असतो. मला या निवांतपणाचीच धास्ती वाटते. अलर्ट न येण्याची कारणं दोन: सगळं सुरळीत आहे, किंवा अलर्ट देणारंच बंद पडलंय. डॅशबोर्डवर दोन्ही सारखीच हिरवी दिसतात.

एक्विफॅक्सचं, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं, प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे. मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्स या वेब-अ‍ॅप बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी जाहीर झाली, पॅचही, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्तीही, आला. एका पोर्टलवर तो बसलाच नाही. मे महिन्यात हल्लेखोर शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. सांगणारे बहुतेक पॅचपाशीच थांबतात. मला पुढचा भाग जास्त छळतो. एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात जाणारं, ट्रॅफिक उलगडून तपासणारं उपकरण त्यांच्याकडे होतं. विकत घेतलेलं, बसवलेलं, चालू! पण त्याला लागणारं सर्टिफिकेट, म्हणजे ठरावीक मुदतीचं डिजिटल ओळखपत्र, कित्येक महिने आधीच संपलं होतं. आणि मांडणी अशी, की उलगडता आलं नाही तर ट्रॅफिक न तपासताच पुढे सोडायचं.

या मांडणीला मी दोष देत नाही. तपासणी अडली म्हणून सेवाच बंद पाडायची का, हा पेच आपल्यापैकी प्रत्येकाने सोडवलेला आहे. पण न तपासता सोडतोय, हे कुणाला तरी ठणकावून कळायला हवं होतं. ते कळलं नाही. ७६ दिवस हल्ला चालू राहिला. २९ जुलैला नवं सर्टिफिकेट चढवलं आणि लगेच संशयास्पद ट्रॅफिक दिसलं. अमेरिकी संसदीय समितीच्या अहवालात त्या कंपनीच्या मुदत संपलेल्या सर्टिफिकेटांचा आकडा ३०० च्या वर आहे. तुमच्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या तारखा आत्ता कोण सांगू शकेल? हात वर करा. दोनच? तुम्हा दोघांना मी व्याख्यानानंतर सोडणार नाही.

दुसरं उदाहरण गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेचं, ३१ जानेवारी २०१७. चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. बॅकअप शोधायला गेले तर तिथे काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा, त्याचा बॅकअप घेणारं पीजी-डम्प जुन्या ९.२ आवृत्तीचं, त्यामुळे ते दरवेळी अपयशी ठरत होतं. अपयशाचे ईमेल निघतही होते, पण डीमार्कच्या, म्हणजे ईमेल पाठवणारा खरा आहे का हे बघणाऱ्या, तपासणीत ते नाकारले जात होते. म्हणजे बॅकअप मेला आणि त्याची खबरही वाटेत मेली. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःहून जगापुढे मांडलं, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

पाच मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा साधनं भरभर घेतो. प्रोमिथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वॉचडॉग’ नावाचा कायम वाजता अलर्ट ठेवतात. तो बाहेरच्या, वेगळ्या सेवेकडे जाऊ द्या. येणं थांबलं की त्या सेवेने तुम्हाला उठवायचं. मोजमापांची एखादी मालिका गायबच झाली तर मर्यादा ओलांडण्याचा नियम लागूच होत नाही, म्हणून मालिका नसल्याचं सांगणारं ‘ॲबसेंट’ फंक्शन वापरा. प्रोमिथियसचा ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर, म्हणजे सेवा बाहेरून तपासणारा जोडप्रोग्राम, सर्टिफिकेटची शेवटची तारीख देतो, त्यावर महिनाभर आधी अलर्ट लावा.

सुरिकाटा किंवा स्नॉर्ट, म्हणजे ट्रॅफिकमध्ये घुसखोरी शोधणारे सेन्सर, चालवत असाल तर गळालेल्या पॅकेटांचा, म्हणजे न तपासता सुटलेल्या डेटाच्या तुकड्यांचा, आकडा बघा. गर्दीत सेन्सर अर्धं ट्रॅफिक सोडून देतो आणि कुरकुरही करत नाही. ओळखीचं, निरुपद्रवी चाचणी-ट्रॅफिक मुद्दाम सोडा, आणि अलर्ट कन्सोलवरच नाही, ड्यूटीवरच्या माणसाच्या फोनवर पोचतो का ते तपासा. फायरवॉलचे लॉग तासभर आले नाहीत, तर तोही अलर्ट. बॅकअपचा जॉब यशस्वी झाला, एवढ्यावर विसंबू नका. दुसऱ्या मशीनवर तो रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत उभा करून, नोंदी मोजा.

आणि पर्यायी वाट. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं अंतर्गत नेटवर्क कोसळलं, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, गेलं, आणि दुरुस्तीची त्यांची साधनंही त्याच नेटवर्कवर होती. तेव्हा यंत्रं चालवायच्या कन्सोलपर्यंत जाणारी एक जोडणी मुख्य नेटवर्कबाहेरून घ्या, आणि ड्यूटीवरच्यांचे फोन नंबर कागदावर छापून ठेवा.