"फोर बाय फोर हाय काका, जाते आरामात"

(पहाट. पांदण रस्ता. दुरून मोटरपंपाचा आवाज.)

जानेवारीतली सकाळ, साडेसहा वाजलेत आणि धुई एवढी की समोरची बंडी दिसत नाही, फक्त बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येतो. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आहे हे. पाऊस जाऊन तीन महिने झाले तरी पांदणीत हा असा चिखल, कारण रात्रपाळीची लाईट. रात्री थ्री फेज आली, हरभऱ्याला पाणी सोडलं, माणूस शेकोटीपाशी जरा डुलकी मारायला टेकला आणि पाणी धुरा फोडून सरळ पांदणीत. हिवाळ्यात आपल्याकडे बर्फ पडत नाही, हे असं पडते.

आणि माती काळी. ओली झाली की फुगते, चाकाला थरावर थर चढतो, टायरच्या खाचा भरून जातात आणि मग कितीही महागाचा टायर घ्या, तो तव्यासारखा गुळगुळीत.

मागच्या हिवाळ्यात याच पांदणीत मी माझी गाडी घातली होती. धुऱ्यावरून काका ओरडले, "थांब ना बापा, ऊन तर पडू दे." तेव्हा मी जे उत्तर दिलं ते वर नावातच आहे.

(क्लोजअप: गिअरजवळचा लहान लिव्हर.)

आता हा लिव्हर टाकला की नेमकं होते काय? साध्या गाडीत इंजिनची ताकद दोनच चाकांना जाते, इथं चारही चाकांना. प्रत्येक चाकाची जमिनीवरची पकड ठरलेली, त्या पकडीपेक्षा जास्त जोर दिला की ते जागेवरच फिरते. तोच जोर चार ठिकाणी वाटला की कोणत्याच एका चाकावर जास्त येत नाही, म्हणून गाडी जागची हलते, घसरड्या चढावर चढते. लो मध्ये, म्हणजे हळू चालीच्या गिअरमध्ये टाकली तर अजून बरं, चाल मंद पण जोर भरपूर, आणि उतारावर इंजिनच चारही चाकांना आवरून धरते, ब्रेकला फारसा पाय लावावा लागत नाही. हा फायदा खराच आहे, त्यात वाद नाही. फक्त असा लिव्हरवाला फोर बाय फोर कोरड्या डांबरावर टाकून ठेवायचा नाही, वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत, मग गाडी अडून अडून चालते आणि ताण सगळा आतल्या गिअरांवर.

तर माझी गाडी. डावीकडची दोन्ही चाकं चाकोरीतल्या गाऱ्यात गेली, उजवीकडची बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर. फिरत कोण होतं? डावीकडची. साध्या डिफरेन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा स्वभावच तो, ज्या चाकाला पकड नाही तेच मोकळं फिरते आणि पकड असलेलं नुसतं बघत बसते. आमच्या ट्रॅक्टरवाल्यांना हे शिकवावं लागत नाही, त्यांच्या पायाशी डिफ लॉकचं पेडल असते, टाच दाबली की मागची दोन्ही चाकं सोबत फिरतात. माझ्या गाडीत लॉक नव्हता. मग मी तेच केलं जे सगळे करतात, ॲक्सिलेटर दाबला, चाकांनी आपापले खड्डे खोदले आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं. पोट टेकल्यावर चाकांवर वजनच राहत नाही, तिथं चार काय आठ चाकांना ताकद द्या.

चाळीस मिनिटांनी काका ट्रॅक्टर घेऊन आले. काही बोलले नाही. साखळी बांधताना एवढंच विचारलं, "कितीची घेतली होती?"

(दृश्य: बर्फाचा रस्ता, गाड्यांची रांग.)

हे झालं निघायचं, थांबायचं वेगळंच. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडची पोरं हिवाळ्यात मनालीवरून पार बोगद्यापलीकडच्या सिस्सूपर्यंत गाडी नेतात. बर्फ पडला की तिथले पोलीस फोर बाय फोर नाहीतर चाकाला साखळी असलेल्याच गाड्या पुढं सोडतात, आणि मग गाडी सोडली म्हणजे आपण सेफ, असं वाटायला लागते. पण 40 च्या स्पीडवर ब्रेक लावला की कोरड्या डांबरावर गाडी साधारण 9-10 मीटरमध्ये उभी राहते, दाबलेल्या बर्फावर तिलाच 30 मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर 60 च्या वर. फोर बाय फोर असो की नसो. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतो ना.

फोर बाय फोर थांबतेही लवकर, हा गैरसमज आपल्याकडे ट्रॅक्टरवरून आला असावा, असं मला वाटते. ट्रॅक्टरला ब्रेक बहुतेक मागच्याच चाकांना असतात, फोर व्हील टाकली की पुढचीही आवरली जातात, तिथं खरंच मदत होते. गाडीला थांबवतो टायर. थंड प्रदेशात 7 डिग्रीच्या खाली साध्या टायरचं रबर कडक पडायला लागते, म्हणून तिकडे हिवाळ्याचे नरम टायर वेगळे येतात, आणि असे टायर लावलेली साधी गाडी बर्फावर साध्या टायरच्या फोर बाय फोरच्या आधी थांबते.

धुईत तर काहीच फरक नाही, समृद्धीवर समोरचा ट्रक दिसला नाही तर लिव्हर कुठंही असू द्या.

(पांदण. ऊन चढलंय.)

साडेनऊ झाले. धुई फाटली, मघाची बंडी आता कुठं पलीकडच्या वळणावर दिसते आहे, वर कापसाच्या वेचणीला निघालेल्या चार बाया. माझी गाडी मागं डांबरी रोडवर उभी आहे. वावर इथून दीड किलोमीटर. चप्पल हातात घेतली आहे.