पाणी कुणाचं, हात कुणाचा

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं घर माळकऱ्यांचं, सांगलीकडं बेदाणा करणारं. बिअर मी कधी तोंडाला लावली नाही आणि तुम्ही लावा असं सांगायलाही आलो नाही. पण गेल्या दिवाळीला माझा भाचा घरी आला होता. तो जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात, म्युनिकला, एका कारखान्यात इंजिनिअर आहे. दुपारच्या जेवणाला त्याच्या टेबलावर एक बव्हेरियाचा, एक चेक आणि एक आयरिश असे तिघे असतात. एरवी तिघे हळू बोलतात, पण बिअरचा विषय निघाला की आवाज चढतो. भाच्यानं ते भांडण रंगवून सांगितलं आणि ते काही माझ्या डोक्यातून जाईना.

बव्हेरियाचा गडी थेट 1516 सालात जातो. त्या वर्षी तिथल्या राज्यकर्त्यांनी फर्मान काढलं, की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी, एवढंच घालायचं. हॉप्स म्हणजे एका वेलाची कडसर फुलं. फर्मानात यीस्टचं नाव नाही, कारण आंबवणारा जीव कोणता हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. पुढे 1987 साली युरोपच्या न्यायालयानं निकाल दिला, की या नियमाच्या आधारे जर्मनीला बाहेरची बिअर अडवता येणार नाही. सक्ती सैल झाली, तरी तिथले बहुतेक बिअर करणारे आजही नियम पाळतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

आयरिश माणूस गिनेस सोडून दुसरं नाव घेत नाही. आर्थर गिनेस यांनी 1759 साली डब्लिनमधली जागा 9000 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली, वर्षाला 45 पौंडांवर. त्यांच्या बाटलीवर वीणेसारखं एक वाद्य असतं, हार्प. आयर्लंड स्वतंत्र झालं तेव्हा सरकारलाही राजचिन्ह म्हणून हार्पच हवी होती. पण कंपनीनं ती 1876 सालीच नोंदवून ठेवलेली. मग सरकारी हार्पचं तोंड उलट्या दिशेला ठेवलं. देशाच्या चिन्हानं बिअरच्या चिन्हाला वाट करून द्यावी, म्हणजे बघा!

पण मी अडकलो तो चेक माणसाच्या गोष्टीत. त्यांच्याकडे प्लझेन नावाचं गाव आहे. 1838 साली तिथली बिअर इतकी बिघडली, की लोकांनी पिंपंच्या पिंपं गावच्या कचेरीसमोर रस्त्यावर ओतली. मग गावकऱ्यांनी मिळून नवी भट्टी उभारली आणि कारागीर बोलावला तो बव्हेरियाचा, योसेफ ग्रोल. 1842 च्या ऑक्टोबरात त्यानं पहिला घाणा काढला. तोवर तिकडची बिअर म्हणजे बहुतेक गडद, गढूळ. ही निघाली सोन्यासारखी पिवळी, आरपार दिसणारी. पिल्सनर हे नाव त्या गावावरूनच पडलं, आणि आज जगात बहुतेक ठिकाणी मिळते ती फिकी बिअर तिच्याच वळणाची.

इथं टेबलावर खरी ठिणगी पडते. बव्हेरियाचा म्हणतो, "केली कुणी? आमच्या माणसानं." चेक म्हणतो, "पाणी कुणाचं? सातू कुणाचे? हॉप्स कुठले?" आणि पाण्याचं त्याचं म्हणणं मला तरी पटतं. प्लझेनचं पाणी अगदी हलकं, क्षार जवळजवळ नाहीत. त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा जिभेला बोचत नाही. म्युनिकच्या पाण्यात चुन्याचा अंश जास्त, म्हणून तिथं जुन्या काळी गडद बिअरच चांगली जमायची. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. बोअरच्या जड पाण्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा दाणाच राहतो, आणि तीच डाळ नदीच्या पाण्यात मऊसूत शिजते. ग्रोल तीन वर्षांनी आपल्या गावी परत गेला. पाणी तिथंच राहिलं आणि बिअर प्लझेनची झाली. आता त्या भट्टीची कंपनी जपानी मालकाकडे आहे, पण गावाचा अभिमान तसूभर कमी झालेला नाही, असं भाचा सांगतो.

त्याच टेबलावर एकदा भाच्यानं आपला बेदाणा ठेवला, आमच्या शेडमधला. तिघांनी मूठ मूठ खाल्ला. बव्हेरियाच्या माणसानं विचारलं, "ही द्राक्षाची जात तुमचीच का?" भाचा गप्प. त्याला ठाऊकच नव्हतं. हे ऐकलं आणि मला फार लागलं. दोष त्याचा नाही, माझा. मी त्याला कधी बसवून सांगितलंच नाही.

म्हणून आज सांगतो. थॉम्सन सीडलेस ही आपली जात नव्हे, ती बाहेरून आली. पण तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या आर्वे यांनी आपल्या बागेत, थॉम्सनच्याच वेलींत, एक वेगळी वेल हेरली. मणी लांबट, घड भरलेला. ती राखली, वाढवली. तीच तास-ए-गणेश. तासगावचं नाव त्या जातीतच बसलंय. शेकडो वेली रोज डोळ्यांखालून जात असताना त्यातली एक निराळी ओळखणं, ही नजर विकत मिळत नाही.

पुढचं आपलं ऊन करतं. मणी लवकर वाळावेत म्हणून घड डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या जाळीवर पसरायचे, वारा खेळता ठेवायचा. पंधरा दिवसांत मणी सुरकुततो, हिरवट सोनेरी होतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा. पावसाचं एक शिंतोडं आलं तरी माल काळा पडतो, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल आमचा डोळा आभाळाकडे. चेक लोकांच्या बिअरला युरोपनं 2008 साली भौगोलिक मानांकन दिलं, म्हणजे हा माल त्याच मुलखाचा अशी मोहोर. सांगलीच्या बेदाण्याला ते 2016 साली मिळालं आणि हळदीला 2018 साली. पण आमच्या पट्ट्यातल्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

सध्या आमच्या शेडला माल लागलाय. काल रात्री भाच्याला फोन केला आणि बोरगावची ती वेल त्याला पहिल्यापासून सांगितली. पाऊण तास बोललो. शेवटी तो म्हणाला, "मामा, पुढच्या खेपेला दोन किलो जास्त द्या. त्या चेक माणसाला पाण्याचं विचारायचंय." मी म्हटलं, त्याला सांग, आमच्या बागेला पाणी कृष्णेचं.

नमस्कार.