पिल्ली म्हणजे मांजर

[दृश्य: पूर्व भागातली गल्ली, सकाळ. यंत्रमागाचा आवाज.]

सोलापूरचा पूर्व भाग. चादरी आणि टॉवेल विणणारा. मागाच्या खटाक्यात झोपायची सवय असलेली मुलं सकाळी अंगणवाडीत येतात.

[दृश्य: दारात आजी, तिचा पदर धरलेला मुलगा.]

याचा आजचा तिसरा दिवस. आजी दाराशी बसली आहे, ताईंनीच तिला बसायला सांगितलंय. जाताना ती त्याला सांगून जाते. डोळा चुकवून निघून गेली, तर उद्या पदर आणखी घट्ट धरला जाईल.

[दृश्य: मांजराचं चित्र.]

ताई चित्र दाखवतात. तो म्हणतो, "पिल्ली." मराठी कानाला वाटतं, पिल्लू म्हणतोय. पण त्याचं बरोबर आहे, तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात. कानडी घरातली मुलगी म्हणते "बेक्कु". तिच्या शेजारचा म्हणतो "बिल्ली". ताई कुणालाही चूक म्हणत नाहीत. तिन्ही शब्द सगळ्यांकडून म्हणवून घेतात, मग म्हणतात, "आणि मराठीत? मांजर."

ताईंना तेलुगू येत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आयांना विचारून दहा-बारा शब्द वहीत उतरवून घेतले. पाणी, भूक, शी, दुखतंय, घरी जायचंय. एवढ्यावर वर्ग सुरू होतो. "नीळ्ळु" म्हणजे पाणी, हे आपल्याला माहीत नसलं तर तहानलेलं मूल रडत राहतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

[दृश्य: चिंध्यांची टोपली. जवळून हात.]

ही टोपली विकत आणलेली नाही. यात कारखान्यातल्या चिंध्या आहेत, सुताच्या रिकाम्या कांड्या आहेत, टॉवेलचे तुकडे आहेत. सगळं धुऊन, उन्हात वाळवून घेतलेलं. डोळे मिटून हात घालायचा आणि सांगायचं: खरखरीत की मऊ? जाड की पातळ? मग एकसारखे तुकडे एकाखाली एक. मग जाड दोरीत कांड्या ओवायच्या. दोरी मुलाच्या हाताएवढीच, लांब नको, गळ्यात अडकते. तोंडात मावेल एवढी वस्तू टोपलीत नको. मोठी मुलं टॉवेलच्या दशांना गाठी मारतात. हीच बोटं उद्या पेन्सिल धरणार आहेत. तीन वर्षांच्या मुलाकडून "अ" गिरवून घेण्याची घाई पालकांना असते. ताईंनी त्यांना ही गाठ दाखवावी.

अनेक घरांत विड्या वळल्या जातात. घरातलं सगळं वर्गात आणा, तंबाखू तेवढी नको.

[दृश्य: भिंतीवर ताराबाईंची तसबीर.]

हे नवं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. 1945 मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या, समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ आल्या. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. माँटेसरीची महागडी साधनं नव्हती, तिथं शंख-शिंपले, पानं, खडे होते. त्यांच्यावरच मुलं आकडे मोजायला शिकली. 1957 मध्ये काम जवळच्या कोसबाडला गेलं. अंगणवाडी ही कल्पना त्या अंगणातली. देशात 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द गावोगाव पोहोचला. बोर्डीत शिंपले होते, सोलापुरात कांड्या आहेत.

[दृश्य: पहिलीचा वर्ग, मागचा बाक.]

घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागलेलं मूल पहिलीत गप्प बसतं, आणि मग कच्चं ठरतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही घरच्या भाषेवर भर दिला आहे.

[दृश्य: पुन्हा अंगणवाडी. आजी दारातून आत आली आहे.]

ताई म्हणतात, "आजी, तुम्ही मोजा की." आजी आधी लाजते. मग पदर सावरून खाली बसते आणि एकेक कांडी पुढे ठेवते. ओकटि. रेंडु. मूडु.

[मुलांचा आवाज. निवेदन थांबतं.]