दोन तासांची वही

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय वृद्धाश्रमांच्या तपासणीबद्दल. आपलं माणूस तिथं ठेवण्याआधी आपण स्वतः करायची ती तपासणी.

माझी आत्या ग्रामीण रुग्णालयात ३२ वर्षं परिचारिका होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण दिवसभर घरी सोबतीला कुणी नाही. तीच म्हणाली, "चांगली जागा बघा. पण बघायला मी येणार." चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं तिला.

व्यवस्थापकांनी बाग दाखवली, देवघर दाखवलं, टीव्हीचा हॉल दाखवला. आत्या म्हणाली, "छान आहे हो सगळं. अंथरुणाला खिळलेल्यांची खोली कुठंय?" तिथं एक बाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. सगळे त्यांना नुसतं 'आजी' म्हणत होते. मला हे कधीच आवडलं नाही. आयुष्यभर ज्यांना कुणी बाई म्हटलं, कुणी वहिनी, त्यांचं नाव असं पुसून का टाकायचं? आत्यानं आधी त्यांचं नाव विचारलं, मग तिथं देखभाल करणाऱ्या मावशींकडे कूस बदलण्याची वही मागितली, म्हणजे कुणाला कधी वळवलं त्याची नोंद.

वही आली. दर दोन तासांचा रकाना, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. आत्यानं चष्मा चढवला, पान माझ्यापुढं धरलं. "किती वाजले गं?" दुपारचे तीन वाजले होते. वहीत रात्री आठपर्यंतच्या खुणा झालेल्या होत्या.

त्या बाईंना विचारून तिनं पायावरची चादर सारली. टाच लाल होती. बोटानं दाबून सोडली. लाली तशीच राहिली. श्रोतेहो, हे घरीसुद्धा करून बघा. दाबल्यावर कातडी क्षणभर पांढरट झाली तर ठीक. लाली हललीच नाही, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथं हाताला गरम किंवा कडक लागतंय का ते बघा. टाच, खुबा, माकडहाड. पुन्हा सांगते: टाच, खुबा, माकडहाड.

मावशींवर आत्या चिडली नाही. "रात्री एकट्या किती जणांना बघता?" "सव्वीस." आत्या जरा वेळ गप्प बसली. मग पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी कशी ठेवायची, ते तिनं मावशींना करून दाखवलं.

आता कायद्याचं थोडं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी रुग्णालय. त्याला १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. वृद्धाश्रमांचा उल्लेख येतो २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात. त्याचं कलम १९ सांगतं, दर जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान एक आश्रम असावा, १५० जणांची सोय होईल असा. नोंदणीचा कागद जरूर मागा. पण तेवढ्यावर विसंबू नका. माझं तर म्हणणं आहे, तपासणी रात्रीच व्हावी. दिवसा फिनेलचा वास कुठंही येतो. हाक मारल्यावर कोण उठतं, किती वेळानं उठतं, ते रात्रीच कळतं. तक्रार असेल, नुसता सल्ला हवा असेल, तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे: १४५६७. एक, चार, पाच, सहा, सात.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही आणखी एक जागा पाहिली. बाग नव्हती, भिंतींचा रंग उडालेला होता. आत्यानं वही मागितली. पुढचे रकाने कोरे होते. सकाळी दहाच्या रकान्यात बरोबरच्या खुणेऐवजी पेन्सिलनं लिहिलं होतं, "वळवलं नाही, नुकती झोप लागली होती. साडेदहाला वळवलं." आत्यानं ते दोनदा वाचलं, वही मिटून मांडीवर ठेवली आणि मला म्हणाली, "माझी बॅग इथं आण."